वस्तुपरीक्षा: रानांत नेण्याजोगा चाकू

ज्या घरांत एकच विळी तीन पिढ्यांच्या हातांखालून गेली आहे, त्या घरांत धारेचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. भाजीची सुरी निराळी, नारळ खवण्याची विळी निराळी, परसांतला कोयता निराळा. एकाचें काम दुसऱ्यास सांगितलें कीं पातेंहि बिघडतें आणि बोटहि कापतें, हें आपल्या गृहिणी पूर्वापार जाणतात. परंतु पाठीवर पिशवी टाकून डोंगराकडे निघालेली घरांतील तरुण मंडळी हें व्यवहारज्ञान उंबरठ्याच्या आंतच ठेवून जातात, असें दिसतें. रानांत न्यावयाचा चाकू जितका लांब, जितका जाड आणि जितका भयंकर दिसेल तितका उत्तम, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हें या महिन्यांत पाहूं.

प्रथम विषयाची मर्यादा ठरवून घेऊं. येथें विचार करावयाचा आहे तो न मिटणाऱ्या, म्हणजे पातें मुठींत कायमचें बसविलेल्या, मध्यम आकाराच्या चाकूचा. अशा चाकूचें पातें साधारणतः पावणेचार ते सात इंच असतें. घडीचा चाकू खिशांत सोयीचा खरा. परंतु त्याची बिजागरी हाच त्याचा दुबळा भाग होय. जोर लावतांना तो बोटांवर मिटण्याचें भय असतें, आणि चिखल किंवा फळांचा रस सांध्यांत शिरला कीं तो काढणें कठीण जातें. न मिटणाऱ्या चाकूस सांधाच नाहीं. उलटपक्षीं, पातें सात इंचांपलीकडे गेलें कीं काम चाकूचें न राहतां कोयत्याचें होतें. आणि तें काम आपला गांवठी कोयता, वजन पुढें झुकलेलें असल्यामुळें, कोणत्याहि लांब चाकूपेक्षां अधिक चांगलें करितो.

या वर्गांतील चार प्रसिद्ध चाकू परीक्षेसाठीं घेऊं. चौघांचे स्वभाव भिन्न आहेत, म्हणून तुलनेस ते सोयीचे आहेत.

पहिला मोरा. स्वीडन देशाच्या दालार्ना प्रांतांत मोरा नांवाचें गांव आहे. त्या भागांत अमेरिकेहून परतलेल्या फ्रॉस्ट-एरिक एरसन या गृहस्थानें १८९१ सालीं बर्फावरून ओढावयाच्या लांकडी गाड्यांचा कारखाना काढला, आणि त्या कामास लागणारे चाकूहि तेथेंच होऊं लागले. गाड्या मागें पडल्या, चाकू राहिले. आज ‘कम्पॅनियन’ या नांवानें विकला जाणारा मोरा चाकू अगदीं साधा आहे. पातें चार इंचांहून किंचित् अधिक, जाडी अवघी अडीच मिलिमीटर, मूठ रबरासारख्या मऊ आवरणाची, म्यान प्लास्टिकचें. मुठीच्या आंत जाणारी पात्याची शेपटी मात्र टोकापर्यंत जात नाहीं. ती मध्येंच संपते. याच कारखान्यानें २०१६ सालीं ‘गारबर्ग’ नांवाचा थोरला भाऊ बाजारांत आणिला. त्याचें पातें ३.२ मिलिमीटर जाड आहे, आणि शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत पोंचते.

दुसरा पूक्को. हा फिनलंडचा परंपरागत चाकू. त्याचा कोणी एक कारखानदार नाहीं. आपल्याकडील विळीप्रमाणें ती एक जातच आहे. पातें साधारण तळहाताच्या रुंदीएवढें, पाठ सरळ, मूठ बहुधा भूर्ज जातीच्या लांकडाची, आणि बोट पुढें सरकूं नये म्हणून असणारी आडवी कडी बहुतेकांस नाहीं. ज्यास लांकूड तासावयाचें आहे त्यास ही कडी आड येते; जो चाकू भोंसकण्यासाठीं नव्हे तर तासण्यासाठीं आहे, त्यास तिची गरज नाहीं. फिनलंडांत पूक्को सन्मानाची भेट म्हणूनहि दिला जातो.

तिसरा ‘फेल्क्निवेन एफ-१’. उत्तर स्वीडनमधील ही पेढी १९८४ सालची. तिचा हा चाकू १९९५ पासून स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांसाठीं आहे. विमानांतून उडी टाकून बर्फाळ अरण्यांत एकट्यानें उतरावें लागलें तर जवळ काय असावें, या प्रश्नाचें हें उत्तर. म्हणून पातें जेमतेम ९७ मिलिमीटर, म्हणजे पावणेचार इंचांहून थोडें अधिक. परंतु जाडी साडेचार मिलिमीटर! शेपटी रुंद असून मुठीच्या मागें किंचित् बाहेर डोकावते. युद्धसामग्रींतील हा चाकू लांबीनें सर्वांत आंखूड वर्गांत मोडतो, हें लांबीच्या भक्तांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

चौथा ‘का-बार’. अमेरिकेच्या मरीन दलानें हा १९४२ सालीं, महायुद्धाच्या धुमाळींत, स्वीकारिला. पातें सात इंच, टोकाशीं पाठ खालीं उतरती, मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून बनविलेली, आणि हातास आडवी कडी. सैनिकास शस्त्र आणि हत्यार एकाच वस्तूंत पाहिजे होतें. खोकीं उघडण्यापासून झटापटीपर्यंत सर्व कामें त्यानें केलीं. त्याची कीर्ति खरी आहे. पण ती कोणत्या कामांतून आली हें विसरून चालणार नाहीं.

आतां या चौघांस चार कसोट्या लावूं.

पहिली कसोटी जाडीची. चाकू म्हणजे पाचर. पाचर जितकी पातळ, तितकी ती सहज आंत शिरते; जितकी जाड, तितकी ती बाजू फांकविते. म्हणून काकडी, दोर, काठीची साल यांवर अडीच मिलिमीटरचा मोरा साडेचार मिलिमीटरच्या एफ-१ वर सहज मात करितो. जाड पात्यानें सफरचंद चिरलें तर तें कापलें न जातां तडकतें. परंतु लांकडाचा तुकडा फोडावयाचा असेल, तर पारडें फिरतें. पावसांत भिजलेलें लांकूड बाहेरून ओलें असलें तरी आंतील गाभा पुष्कळदां कोरडा असतो. तो मिळविण्यासाठीं चाकूची धार लांकडावर टेकवून पाठीवर दांडक्यानें ठोकतात. या कामीं जाड पाठ आणि अखंड शेपटी यांची खरी किंमत कळते. मनगटाएवढें लांकूड साधा मोराहि फोडील; गांठाळ लांकडावर मात्र त्याची परीक्षा घेऊं नये.

दुसरी कसोटी शेपटीची. ठोकतांना किंवा पिळतांना चाकू बहुधा मूठ व पातें यांच्या संधीवर तुटतो. शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत पोंचली असेल, तर मूठ फुटली तरी पोलाद हातांत राहतें व त्यावर दोरी गुंडाळून काम चालतें. ज्यास एकाच चाकूवर विसंबावयाचें आहे त्यानें गारबर्ग किंवा एफ-१ यांसारखा अखंड शेपटीचा चाकू घ्यावा. ज्यास दुपारीं फळें चिरावयाचीं व संध्याकाळीं काठी तासावयाची आहे, त्यास तो खर्च करण्याचें कारण नाहीं. एका एफ-१ च्या किमतींत साधे मोरा अनेक येतात.

तिसरी कसोटी धारेच्या घडणीची. मोरा व बहुतेक पूक्को यांच्या पात्याची बाजू मध्यापर्यंत सपाट येऊन तेथून एकाच उतारानें धारेस मिळते. हा रुंद उतार निसण्यावर ठेवला कीं आपोआप नीट बसतो, त्यामुळें नवशिक्यासहि कोन सांपडतो. एफ-१ ची धार शिंपल्याप्रमाणें बाहेर फुगीर असते. ती अधिक टिकाऊ असते व सहजासहजीं झडत नाहीं. पण ती लावण्यास मऊ बैठकीवर पॉलिश-कागद ठेवून हात वळवीत न्यावा लागतो. जो चाकू आपल्यास घरीं धारेवर आणतां येत नाहीं, तो कितीहि भारी असला तरी वर्षभरांत निकामी होतो. आणि बोथट चाकू धारदार चाकूपेक्षां अधिक घातक, कारण त्यास जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हात सटकतो.

चौथी कसोटी पोलादाची. का-बारच्या पोलादांत कर्ब सुमारें एक टक्का आहे, पण गंज रोखण्याइतकें क्रोमियम नाहीं. मोरा दोन्ही प्रकारांत मिळतो. त्याच्या गंजरोधक प्रकारांत क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास असतें. एफ-१ च्या धारेच्या पोलादांत तें सुमारें पंधरा टक्के. साध्या कर्बयुक्त पोलादाची धार लवकर लागते. शिवाय गारगोटीवर घासल्यास त्याचे सूक्ष्म कण पेट घेऊन ठिणग्या पडतात. चकमकीचें रहस्य तेंच. परंतु कोंकणच्या पावसाळ्यांत असें पातें एका रात्रींत तांबूस होतें. तेव्हां घाटाखालच्या व समुद्राकांठच्या वाचकांनीं गंजरोधक पोलादच घ्यावें. तेंहि सर्वस्वीं अजिंक्य नव्हे. मीठ आणि आंबट रस त्यासहि डाग पाडतात. चामड्याचें म्यान ओल धरून ठेवतें, म्हणून पावसाळ्यांत पातें त्यांत घालून कपाटांत ठेवूं नये. धुऊन, कोरडें करून, खोबरेल तेलाचा हात फिरवून तें बाहेर ठेवावें.

येथवर वस्तूची परीक्षा झाली. आतां वापरणाऱ्याची.

चाकूनें होणारी गंभीर इजा पुष्कळदां साध्या कामांतच होते. मांड्यांच्या मध्यें काठी धरून तासण्याची खोड तर फार वाईट. मांडीच्या आंतील बाजूनें मोठी रक्तवाहिनी जाते, आणि ती कापली गेली तर मिनिटांचा प्रश्न असतो. डोंगरावर दवाखाना घटकाभराच्या अंतरावर नसतो. म्हणून कोपरें गुडघ्यांवर टेकून, काठी शरीराबाहेर धरून, पातें आपल्यापासून दूर न्यावें. हाताच्या टप्प्यांत दुसरें कोणी नसावें. चाकू दुसऱ्यास देतांना मूठ पुढें करावी, आणि चार पावलें चालावयाचें असलें तरी आधीं तो म्यानांत जावा. जखम झालीच तर स्वच्छ कापडानें घट्ट दाबून धरावें. दर क्षणाला उचलून पाहूं नये.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट कायद्याची. शस्त्रांविषयींच्या नियमांत, घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठीं बनविलेलीं हत्यारें वगळून, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत गणले आहेत. वरील चौघे त्या मापांत येत नाहींत, हें खरें. परंतु तेवढ्यानें सर्व मोकळीक झाली असें नाहीं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणें अधिकाऱ्यांस विशिष्ट काळापुरती चाकूसुद्धां सर्व हत्यारें बाळगण्यास बंदी करितां येते. विमानांत तो हातच्या पिशवींत नेतां येत नाहीं. आणि पुष्कळांच्या ध्यानांतच न येणारी गोष्ट ही, कीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येंत ‘शस्त्र’ या शब्दांत चाकूहि येतो, व मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीवांचून शस्त्र घेऊन अभयारण्यांत शिरण्यास मनाई आहे. आतां हरिश्चंद्रगड अभयारण्यांत आहे, भीमाशंकरचें रान अभयारण्य आहे, वासोटा कोयनेच्या अभयारण्यांत आहे! म्हणजे ज्या वाटांसाठीं आपलीं मुलें हौसेनें चाकू घेतात, त्यांतील कित्येक वाटांवर तो नेणेंच गैर. तेथें फळें घरूनच चिरून डब्यांत न्यावीं, आणि झाडाची फांदी तोडण्याचा तर विचारहि मनांत आणूं नये. चाकूचें खरें स्थान म्हणजे आपलें शेत, रीतसर परवानगीचें शिबिर, किंवा परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांची तंबूंतली सुट्टी. मात्र तेथीलहि नियम आधीं विचारून घ्यावे. फिनलंडसारख्या पूक्कोच्या माहेरींसुद्धां योग्य कारणावांचून तो सार्वजनिक ठिकाणीं बाळगतां येत नाहीं.

तात्पर्य काय? पहिलाच चाकू घेणाऱ्यानें गंजरोधक मोरा घ्यावा. चुका करीत शिकण्यास त्यापरता स्वस्त गुरु नाहीं. लांकूडकामाची गोडी लागलेल्यानें पूक्को घ्यावा. दूरच्या अरण्यांत दिवसेंदिवस राहण्याचें ज्याचें कामच आहे, त्यानें गारबर्ग किंवा एफ-१ कडे वळावें. का-बार हें इतिहासाच्या दृष्टीनें आदरणीय हत्यार असलें तरी गृहस्थाच्या गरजेपेक्षां तें मोठें आहे.

‘जीव वाचविणारा चाकू’ ही जाहिरातीची भाषा आहे. वैमानिकाचा चाकू हा ज्याचे बाकीचे सर्व मार्ग खुंटले त्याच्यासाठीं असतो. आपल्या मुलांचे मार्ग खुंटलेले नाहींत. ते आधीं आंखतां येतात. पुरेसें पाणी, विजेरी, शिटी, पावसाचें आवरण, वाट जाणणारा सोबती, आणि ‘अमक्या वाटेनें जातों, तमक्या वेळेस परततों’ हा घरीं ठेवलेला निरोप, यांनीं सह्याद्रींत जें संरक्षण मिळतें तें साडेचार मिलिमीटर पोलादानें मिळत नाहीं. म्हणून घरांतील वडील मंडळींस आमची सूचना इतकीच, कीं मुलानें किंवा मुलीनें चाकू मागितला तर एकदम नाहीं म्हणूं नये आणि एकदम पैसेहि काढून देऊं नयेत. त्यानें काय कापावयाचें आहे, तो कोठें न्यावयाचा आहे, आणि त्यास धार कोण लावणार, हे तीन प्रश्न विचारावे. तिन्हींचीं उत्तरें नीट आलीं तर खुशाल घेऊन द्यावा, आणि धार लावण्याचा पहिला धडा घरच्या निसण्यावर, आजीच्या देखरेखीखालीं, विळीवरच द्यावा.