एका चिठ्ठीला नकार कशासाठी?

महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा कोकणात विंचूदंशाने धडधाकट माणसे दगावत होती. डॉक्टर रुग्णांच्या उशाशी बसले, रक्तदाब व हृदयगतीच्या नोंदी घेत राहिले आणि त्या नोंदींतूनच प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे आला. ‘लॅन्सेट’ने त्याची दखल घेतली, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आधी मोजावे, मग बोलावे, हा या मातीतील वैद्यकीचा वारसा आहे.

आता समजा, वरंधमधील एक सज्ञान व्यक्ती विशेषज्ञाच्या सल्ल्याने लिंगबदलासाठी संप्रेरके, म्हणजे हार्मोन घेत आहे. रक्ततपासणीची वेळ झाली म्हणून ती वर्षानुवर्षांच्या घरच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागते. उत्तर मिळते, “हे आमच्याकडे होत नाही, मुंबईला जा.”

का होत नाही? थायरॉइडची तपासणी हेच डॉक्टर लिहून देतात. पाळीची तक्रार घेऊन आलेल्या मुलीचे टेस्टोस्टेरॉन तपासतात. सुई तीच, नळी तीच. नमुना महाडमध्ये घेऊन मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. अडते ते केवळ मन!

आणि या अडण्याची किंमत रुग्ण मोजतो. टेस्टोस्टेरॉनने रक्तातील तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होऊ शकते. इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. त्याबरोबर दिल्या जाणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम चढू शकते. म्हणूनच अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा-दोनदा तपासणी सांगितली आहे. दार बंद झालेला माणूस औषध थांबवीलच असे नाही. तो औषधाच्या दुकानातून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या आणून स्वतःच मात्रा ठरवितो. त्या गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन नेहमीच्या इस्ट्राडायॉल तपासणीत दिसतही नाही! ‘काय घेतोस?’ हे विश्वासाने विचारणारा डॉक्टरच नसेल, तर नुसता कागद काय सांगणार? शिवाय अहवालावरील हिमोग्लोबिनची मर्यादा स्त्री व पुरुषासाठी वेगळी असते. कोणती लावायची, हे रुग्णाला ओळखणाऱ्यानेच ठरवायचे.

‘ही पाश्चात्त्यांची थेरे आहेत’, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. शिखंडी आणि बृहन्नडेच्या कथा घरोघरी सांगणाऱ्या समाजाने असे म्हणावे, हे नवलच. बीड पोलीस दलातील शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने नाकारली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर राज्य शासनाच्या अनुमतीने मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे त्याच दलात राहिले, २०२० मध्ये विवाह झाला, २०२४ मध्ये ते पिता झाले. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळले होते, तेव्हा ते प्रकरण निराळे, असे कोणी म्हणेल. म्हणावे. पण तेही कळले ते तपासणीनेच ना?

लिंगबदलाच्या मार्गाविषयी प्रस्तुत लेखकाच्याही मनात प्रश्न आहेत, विशेषतः अजाण मुलांबाबत. घाई करणाऱ्या शहरी दवाखान्यांविषयी तर अधिकच. ते प्रश्न जरूर विचारावेत. परंतु रक्त काढण्याच्या टेबलापाशी नव्हे. मद्यप्याचे यकृत तपासताना डॉक्टर मद्यपानाला संमती देत नसतात.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या कायद्यात संप्रेरक उपचारांच्या सोयीची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली तृतीयपंथीयांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य कवच जाहीर झाले. दिल्लीने एवढे केल्यावर महाड-पोलादपूरच्या दवाखान्यात काय अडते? विशेषज्ञाशी दूरध्वनीवर बोलावे, त्यांनी सुचविलेल्या तपासण्या लिहाव्यात, अहवाल त्यांना पाठवावा, एक प्रत आपल्याकडे ठेवावी. घरच्या डॉक्टरांकडे याहून अधिक कोणी मागत नाही. तालुक्यातील डॉक्टरांनी हा विषय आपल्या बैठकीत घ्यावा, आणि तो पावसाळ्यापूर्वी घ्यावा. दरडींमुळे वरंध घाट बंद झाला की पुण्याची वाट मिटते आणि ‘मोठ्या शहरात जा’ हे सांगणे आणखीच निर्दय होते.