गावाला गेलाय!

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे संपादकांनी विचारले नाही. ते माझ्याच घरात विचारले गेले. चकल्यांच्या घाण्यासमोर बसलेली मंडळी म्हणाली, "सणासुदीला गर्दुल्ल्यांवर काय लिहिता? लोकांना हसवा की जरा!" हसवणारे लेखक या अंकात पुष्कळ असतील. मला भांडायचे आहे, आणि तेही वाचकांशीच.

आमच्या चाळीत, टोकाच्या खोलीत एक काकू राहतात. एका दिवाळीत त्यांचा धाकटा मुलगा कुठे दिसेना. कुणी विचारले की काकू म्हणत, "गावाला गेलाय." आता, काकूंना गाव असे उरलेलेच नाही, हे साऱ्या मजल्याला ठाऊक. घर पडले, जमीन चुलत्यांनी गिळली. तरी आम्ही सगळे सभ्यपणे मान डोलवीत असू आणि फराळाचे ताट दारात देऊन मागे फिरत असू. मुलगा त्या वेळी रेल्वेच्या पुलाखाली पन्नीवर ब्राउन शुगर ओढीत बसलेला असे. पुढे एका रात्री चौघे दांडगे गाडी घेऊन आले आणि त्याला उचलून शहराबाहेरच्या एका 'केंद्रा'त घेऊन गेले. तिथे औषध म्हणजे थंड पाण्याच्या बादल्या आणि उपदेश म्हणजे कमरेचा पट्टा! काकूंनी पाटल्या विकून तीन महिन्यांचे पैसे भरले. दसऱ्याच्या दोन दिवस आधी पोरगा घरी आला. गाल वर आले होते, आईच्या हातचे चार घास जेवला. कोजागिरी उजाडायच्या आत त्याचे प्रेत पुलाच्या जिन्यावर सापडले. "हार्ट," असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवून टाकले.

हार्ट नव्हे हो! अफूच्या कुळातले कुठलेही द्रव्य रोज घेतले की शरीराला त्याची सवय होते. काल जेवढ्याने भागले तेवढ्याने आज भागत नाही. काही आठवडे ते बंद ठेवले की ही सहनशक्ती ओसरते. ओढ मात्र ओसरत नाही. मग सुटून आलेला माणूस जुन्या मापाने घेतो, श्वास मंदावतो आणि थांबतो. म्हणजे कोंडून ठेवणे आणि पुढची काहीच सोय न करता सोडून देणे हा अर्धवट उपचारसुद्धा नव्हे. कित्येकदा तो काहीही न करण्यापेक्षा अधिक घातक ठरतो. हे डॉक्टरांना ठाऊक आहे. काकूंना कुणी सांगितले नव्हते.

आता औषधाचे बोलू. ब्युप्रेनॉर्फिन नावाची एक गोळी आहे. ती जिभेखाली ठेवायची असते. मेंदूत ज्या जागी हेरॉइन जाऊन बसते तीच जागा ही गोळी धरते, पण अर्ध्याच जोराने. एका मर्यादेपलीकडे तिचा अंमल वाढतच नाही. त्यामुळे 'टर्की' येत नाही. टर्की म्हणजे नाक गळणे, पोटात पीळ, जुलाब, अंगावर काटा, रात्रभर तळमळ; एकदा सोसलेला माणूस ती टाळण्यासाठी आईच्या बांगड्याही विकतो. दुसरे औषध मेथाडोन. डोल आणि निस्वान्डर या डॉक्टरद्वयाने न्यूयॉर्कमध्ये त्याचा उपयोग १९६० च्या दशकात दाखवून दिला. ही दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली आवश्यक औषधांच्या यादीत घातली. असे उपचार चालू असताना मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, असे देशोदेशींच्या पाहण्या सांगतात. फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या मध्यावर ही गोळी नेहमीच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या हाती दिली. १९९५ ते १९९९ या चार वर्षांत तिथले अतिसेवनाचे मृत्यू सुमारे चार-पंचमांशांनी घटले.

"पण हे एक व्यसन सोडून दुसरे धरणे झाले!" हे वाक्य मी इतक्या शहाण्यांच्या तोंडून ऐकले आहे की त्याचा मला वीट आला आहे. आपल्या घरातले मधुमेहाचे काका पाहा. रोज गोळी घेतात, जन्मभर घेणार. त्यांना कुणी गोळीचे व्यसनी म्हणते काय? लक्ष्मीपूजनाच्या रात्री ते फडताळातून दोन करंज्या चोरतात, साखर चढते, आणि दुसऱ्या दिवशी काकू डोळे वटारून त्यांना डॉक्टरकडे नेतात. डॉक्टर म्हणतात काय, की "तुम्हाला बरे व्हायचेच नाही, पुन्हा दारात येऊ नका"? गर्दुल्ल्याने मात्र एकदा पुन्हा पन्नी धरली की आपण दार लावतो. आजाराची लक्षणे दिसली म्हणून रोग्याला हाकलणारा दवाखाना मी दुसरा पाहिला नाही.

आणि हे खूळ परदेशातून आले, असेही कुणी म्हणू नये. माळव्याची अफू चीनला धाडून एकोणिसाव्या शतकात जी मुंबई धनवान झाली तिच्यातच आपण राहतो. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना बाळगोळी चाटवून निजवीत, तिच्यात अफू असे. दोष त्या मातांचा नव्हता. बारा-बारा तास पाळण्याशी कोण बसणार होते? आज तीच वस्तू ट्रॅमाडॉलच्या पाकिटातून आणि खोकल्याच्या बाटलीतून सभ्य घरांत शिरते, इतकेच.

सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत अफूवर्गीय द्रव्ये घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख निघाले. त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज होती. बेकायदा द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांत वीसांत एकालाच रुग्णालयात राहून उपचार मिळाले होते. उरलेले एकोणीस काय 'गावाला' गेले होते?

कायदा दुष्टच आहे असेही नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात सेवनासाठी शिक्षा आहे खरी. पण त्याच कायद्याच्या ६४-अ कलमाप्रमाणे व्यसनी माणूस स्वखुशीने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावरचा सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा खटला टळू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या, आणि रुग्णाला साखळीने बांधण्याची साफ मनाई केली. पोलिस चौकीच्या बाकावर बसलेल्या बापाला हे कोण सांगते? सरकारची ब्युप्रेनॉर्फिनची जी मोठी योजना आहे ती एचआयव्ही रोखण्यासाठी, म्हणजे सुई टोचून घेणाऱ्यांसाठी उभी राहिली. चांगलीच गोष्ट झाली. पण पन्नी ओढणाऱ्याने मदतीसाठी आधी सुई धरावी काय? शिवाय गोळीसाठी रोज सकाळी रांग लावायची, तर हमालीचा खाडा कोण भरून देणार? स्थिरावलेल्या माणसाला आठवड्याची गोळी घरी द्या, तालुक्याच्या रुग्णालयात द्या. अतिसेवनाने बेशुद्ध पडलेल्याचा श्वास परत आणणारे नॅलॉक्सोन प्रत्येक रुग्णवाहिकेत ठेवा, अशा घरच्या माणसांच्या हातीही द्या. त्या जिन्यावर ते वेळेत पोचले असते तर आज काकूंकडे दोन पानांचा स्वयंपाक झाला असता.

नुसत्या गोळीने संसार उभा राहत नाही, हेही खरे. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचे बळ होते. रुग्णाशी माणसासारखे बोलावे, बायको-आईलाही सोबत घ्यावे, बाहेर पडल्यावर हात सोडू नये, हे तिथे मारझोडीशिवाय करून दाखवले गेले. तेव्हा मार्ग सापडत नाही ही सबब आता चालायची नाही. पण असे केंद्र आपल्या सोसायटीशेजारी निघणार म्हटले की सह्यांचा कागद फिरवणारे कोण असतात? तुम्ही आणि मीच! देवळाला वर्गणी देणारेच हात त्या कागदावर सही करतात. मी स्वतः एकदा केली आहे. म्हणून हे जरा चिडून लिहितो आहे.

सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

आमच्या खालच्या मजल्यावर यंदा आणखी एकाचा मुलगा 'गावाला' गेला होता. काकू परवा जिना उतरून त्या घरी गेल्या, आणि फराळाचे ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, "अहो, माझं गाव मला ठाऊक आहे. पोराला उठवा." आता दर मंगळवारी दोघी त्याला घेऊन सरकारी रुग्णालयात जातात. दोन गाड्या बदलाव्या लागतात. केसपेपरची खिडकी अकराला बंद होते, म्हणून साडेसातलाच निघतात.