दुसरा सिंथेसायझर कोणता घ्याल?

समजा, तुमच्या शाळेच्या वाद्यवृंदात एक सिंथेसायझर आहे आणि आता दुसरा घ्यायचा आहे. दुकानात तुम्ही काय विचाराल? ‘यात आवाज किती आहेत?’ माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा. ‘हा आवाज निर्माण कसा करतो?’ असे विचारा.

समजा, पहिला १९७० च्या मिनीमूगच्या जातीचा आहे. त्यातील करवतीच्या दातांसारख्या तरंगात मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सर्व उपस्वर असतात. नको असलेले उपस्वर फिल्टर गाळून टाकतो. पण घंटेचे उपस्वर असे नेमक्या पटींत नसतात. जे मुळातच नाही, ते फिल्टर कोठून आणणार?

१९६७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना दुसरी वाट सापडली. एका तरंगाची कंप्रता दुसऱ्या तरंगाने वेगाने कमीजास्त केली, की नवे उपस्वर उत्पन्न होतात. २०० हर्ट्‌झच्या तरंगावर २८० हर्ट्‌झचा प्रयोग करा: ८०, ३६०, ४८०, ७६० हर्ट्‌झचे स्वर मिळतील. बेरीज-वजाबाकी करून पाहा! यांतला एकही २०० च्या पटीत नाही. म्हणूनच तो आवाज घंटेसारखा वाटतो. यामाहाचा डीएक्स ७ (१९८३) याच तत्त्वावर चालतो.

तेव्हा दुसरे वाद्य निराळ्या तत्त्वावरचे घ्या. त्याला पट्ट्या नसल्या तरी चालेल. दोन्हींत १९८३ पासून रूढ झालेली ‘मिडी’ जोडणी असली, तर पहिल्याच्या पट्ट्यांनी दुसरेही वाजते. शाळेचे पैसे मोजकेच असतात. ते पट्ट्यांवर नव्हे, नव्या ध्वनीवर खर्च व्हावेत.