वडशाच्या विद्यार्थ्याला परदेशी सत्र का मिळू नये?

गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणारी गाडी वैनगंगेच्या खोऱ्यात वडशाला थांबते. स्थानकाचे नाव वडसा, शासनदरबारी मात्र देसाईगंज. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा पुढे अनेक दशके रेल्वे ओळखत होता तो वडशापुरताच. कुरखेडा, कोरची, आरमोरीकडची मुले एस.टी.ने येथवर येतात आणि पुढची वाट धरतात. ही वाट पोलीस भरतीकडे जाते, शिक्षक होण्याकडे जाते, अलीकडे परिचारिका होण्याकडेही जाते. ती एखाद्या युरोपीय विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाकडे जाऊ शकते, ही कल्पना मात्र अजून कोणाच्या मनाला शिवलेली दिसत नाही. विद्यार्थ्यांच्या नाही, त्यांच्या प्राध्यापकांच्या नाही, आणि ज्यांनी ती मांडायला हवी त्या विद्यापीठीय मंडळींच्याही नाही.

परदेशी शिक्षण म्हटले की आपल्याकडे एकच चित्र उभे राहते. घर गहाण, बँकेचे कर्ज, दोन वर्षांची पदवी आणि मग तिकडेच नोकरी. विनिमय विद्यार्थी म्हणून जाणे ही याहून अगदी निराळी गोष्ट आहे. विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाचा राहतो, एक किंवा दोन सत्रे तिकडे शिकतो, तेथे मिळवलेले श्रेयांक घेऊन परत येतो आणि पदवी येथलीच घेतो. युरोपात हा व्यवहार १९८७ पासून ‘इरॅस्मस’ योजनेतून चालू आहे आणि २०१४ नंतरच्या ‘इरॅस्मस प्लस’मध्ये भारतासारख्या देशांनाही त्यात जागा मिळाली. तिकडच्या हिशेबाने एका सत्राचे ३० श्रेयांक होतात. करारातून गेलेल्या विद्यार्थ्याला यजमान विद्यापीठाचे शुल्क पडत नाही आणि निर्वाहासाठी अनुदानही मिळते.

यातील मेख अशी की, विद्यार्थ्याने स्वतः उठून अर्ज करावा आणि जावे, असे येथे होत नाही. आधी दोन विद्यापीठांत करार असावा लागतो. मग आपल्या विद्यापीठाने विद्यार्थ्याचे नामांकन करावे लागते. त्यानंतर तिकडे कोणते विषय शिकणार आणि इकडे ते कशाच्या बदल्यात धरले जाणार, याचा अभ्यास-करारनामा तिघांच्या स्वाक्षरीने होतो. गुणपत्रकांचे इंग्रजी रूप, भाषेचे प्रमाणपत्र, प्राध्यापकांची शिफारस, हेतू सांगणारे पत्र, पारपत्र, व्हिसा, आरोग्यविमा हा सारा प्रपंच नंतरचा. तो कष्टाळू विद्यार्थी उरकू शकतो. पण विद्यापीठाच्या कचेरीत या कामासाठी बसलेला माणूसच नसेल, तर वडशाच्या मुलीने कितीही सुंदर पत्र लिहिले तरी ते जाणार कोणाकडे?

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० सालीच स्पष्ट म्हटले आहे की, परदेशी विद्यापीठांत मिळवलेले श्रेयांक योग्य तेथे पदवीसाठी धरले जावेत. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचे नियम केले. त्यात आयोगाच्या पूर्वपरवानगीविना करार करण्याची मुभा ‘नॅक’चे किमान ३.०१ गुणांक असलेल्या, अथवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत असलेल्या संस्थांना आहे. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांना आणखी मिळणार. वनप्रदेशासाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठासारख्या तरुण विद्यापीठाने पुण्या-मुंबईच्या जुन्या विद्यापीठांशी या शर्यतीत धावावे, ही अपेक्षा न्यायाची नाही. एका सत्राच्या साध्या विनिमयाला मात्र एवढे मोठे प्रकरण लागत नाही. त्याला दोन विभागप्रमुखांची ओळख, कुलगुरूंची इच्छा आणि एक सामंजस्य करार पुरतो. या तीन गोष्टींसाठी दिल्लीकडे बोट दाखवण्याचे कारण नाही.

पैशाची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, आदिवासी विकास विभागाची योजना या सर्व चांगल्या योजना आहेत आणि त्यांतून गेलेली मुले कर्तबगार निघाली आहेत. पण त्यांचा रोख संपूर्ण पदव्युत्तर पदवीवर किंवा संशोधनावर आहे. सहा महिन्यांसाठी जाऊन परत येणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याचा विचार त्यांत नाही. खर्च करायचा तो वर्षानुवर्षे तिकडे राहणाऱ्यावर, आणि परत येण्याची खात्री असलेल्याला विमानभाडेही नाही, हा उफराटा न्याय म्हणावा लागेल.

आता मानसशास्त्रच का, हा प्रश्न कोणी विचारील. अभियांत्रिकीचा पूल जर्मनीत आणि भामरागडमध्ये एकाच गणिताने उभा राहतो. मनाचे तसे नाही. २०१० साली जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेंझायन या तीन पाश्चात्त्य संशोधकांनीच एक खळबळजनक निबंध प्रसिद्ध केला. मानसशास्त्राने ‘माणूस’ म्हणून ज्याचे वर्णन केले, तो प्रत्यक्षात पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही देशांतला माणूस आहे. त्यातही बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. त्यापूर्वी २००८ मध्ये जेफ्री आर्नेट यांच्या पाहणीत आढळले होते की, अमेरिकेतील प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांतल्या अभ्यासांत ९६ टक्के नमुने जगाच्या अवघ्या १२ टक्के लोकसंख्येतून घेतलेले आहेत. उरलेल्या ८८ टक्क्यांत वडसा आहे. येथला विद्यार्थी जे पाठ्यपुस्तक तोंडपाठ करतो, त्यात त्याच्या आजीचे, त्याच्या गावच्या पाटलाचे, त्याच्या शेजारच्या गोंड कुटुंबाचे मन मोजलेले नाही.

आणि मोजण्यासारखे येथे काय नाही? वडसा वनविभागात ‘सीटी-१’ नावाने कुप्रसिद्ध झालेल्या वाघाने गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसे मारली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो वडशाच्या जंगलात जेरबंद झाला. वाघ पकडला गेला, पण मोहफुले आणि सरपण आणायला जाणाऱ्या बायकांच्या मनातला वाघ कोणी पकडला? त्या आधीच्या वर्षी छत्तीसगडमधून रानटी हत्ती आले. १९८० पासून नक्षलवादाने या जिल्ह्याच्या दोन पिढ्या पोलीस आणि बंदूकधारी यांच्यामध्ये चेपून काढल्या. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथे भूसुरुंगाने १५ जवानांचा बळी घेतला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती नावाने वावरणारा नक्षली म्होरक्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवून शरण आला, हे शुभवर्तमान खरेच. परंतु वीस-वीस वर्षे रानात काढलेली माणसे गावात परततात, ज्यांच्या घरचे मारले गेले ती माणसे त्याच बाजारात त्यांना भेटतात, तेव्हा दोघांच्या मनात काय चालते, हे सांगणारे शास्त्र कोठे आहे? बंदूक खाली ठेवणे हे एका दिवसाचे काम आहे, मन खाली ठेवणे नव्हे.

झाडीपट्टीच्या नाटकांकडेही या दृष्टीने पाहावे. दिवाळीनंतर वडशात नाटक मंडळींच्या कचेऱ्या गजबजतात आणि होळीपर्यंत गावोगावी रात्रभर प्रयोग चालतात. आबालवृद्ध थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत रडतात, हसतात, खलनायकाला शिव्या देतात. व्हिएन्नात जेकब मोरेनो यांनी नाट्यातून मनोपचार करण्याची पद्धत काढली आणि ती जगभर शिकवली जाते. ज्या प्रदेशात सारा गाव रात्रभर नाटकाला बसतो, त्या प्रदेशातील विद्यार्थ्याने ती पद्धत तिकडे जाऊन पाहावी आणि आपल्याकडे काय आहे ते त्यांना सांगावे, यापेक्षा उचित विनिमय कोणता?

विनिमय या शब्दातच देणे आणि घेणे दोन्ही आहे. १८९६ च्या मार्च महिन्यात स्वामी विवेकानंद हार्वर्ड विद्यापीठात वेदान्तावर बोलले. आधुनिक मानसशास्त्राच्या जनकांपैकी एक असलेले विल्यम जेम्स त्यांना ओळखत होते आणि जेम्स यांच्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख आलेला आहे. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी तर घर न सोडता फ्रॉइड यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था उभारली आणि हिंदू मनाची घडण युरोपीय मनाहून वेगळी असू शकते, हे प्रत्यक्ष फ्रॉइडना सुनावले. फ्रॉइडना त्यांनी भेट पाठवलेली विष्णुमूर्ती त्या वृद्ध नास्तिकाने आपल्या मेजावर ठेवली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाअखेरीस छिन्नमनस्कतेचा जो आंतरराष्ट्रीय अभ्यास हाती घेतला, त्यात आग्रा हे एक केंद्र होते, आणि तेथील रुग्णांची वाटचाल लंडन, वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा बरी आढळली. त्याच्या कारणांवर वाद झाले, अजूनही होतात. कुटुंबाने रुग्णाला सोडले नाही, हे एक कारण असावे असे मानणारे पुष्कळ आहेत.

याचा अर्थ असा नव्हे की, पतंजलींनी सारे लिहून ठेवले आहे, तेव्हा आता काही शिकायचे उरले नाही. ही वृत्ती आपल्याच काही व्यासपीठांवर आढळते आणि ती आळसाची आहे. चित्तवृत्तींची चर्चा अडीच हजार वर्षे करणाऱ्या समाजाने प्रयोग, मोजमाप आणि संख्याशास्त्र या तीन बाबतींत पश्चिमेकडून शिकायला कमीपणा मानू नये. पुण्यात अप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती मानसशास्त्राच्या पायावरच. बुद्धिमत्तेच्या कसोट्या घेतल्या, पण त्यांवर उभारणी केली ती राष्ट्रासाठी नेतृत्व घडवण्याची. पाश्चात्त्य साधन आणि स्वदेशी साध्य यांचा मेळ कसा घालावा, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तो नमुना पाहावा.

गडचिरोलीला तर दूर जायचेही कारण नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि परत येऊन १९८६ पासून याच जिल्ह्यात ‘सर्च’चे काम मांडले. गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि त्यामुळे नवजात बालमृत्यूंत ६२ टक्क्यांनी घट झाल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. त्यांच्या सर्व विचारांशी सहमत होणे आवश्यक नाही. परंतु तिकडून पद्धत आणली आणि प्रश्न इकडचाच ठेवला, हे त्यांचे सूत्र मनाच्या आरोग्यालाही जसेच्या तसे लागू पडते. बंगलोरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. शहरे धरूनचा हा आकडा आहे. कोरची आणि धानोऱ्याचा वेगळा काढला तर तो काय निघेल?

अशा वेळी दूर राहणाऱ्यांच्या वाटा वाढायला हव्यात. प्रत्यक्षात एक बंद झाली आहे. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून आयोगाने मानसशास्त्र हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली. उपचार करणाऱ्याचे प्रशिक्षण प्रत्यक्ष झाले पाहिजे, हे तत्त्व बरोबर आहे. परंतु नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून हा विषय शिकू पाहणारी खेड्यातली शिक्षिका त्यामुळे बाहेर पडली, आणि तिच्यासाठी जवळचे वर्ग मात्र उघडले गेले नाहीत.

विद्यार्थी विनिमयाची एक अस्सल स्वदेशी परंपरा आपल्याकडे आहे, तिचा येथे उपयोग होईल. १९६६ मध्ये विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी ‘आंतरराज्य छात्र जीवन दर्शन’ हा उपक्रम सुरू केला. ईशान्येची मुले महाराष्ट्रातल्या घरांत येऊन राहिली, घरच्यांच्या पंगतीत जेवली, आणि ज्या ओळखी झाल्या त्या पुढे दशकानुदशके टिकल्या. वसतिगृहापेक्षा घर अधिक शिकवते, हे त्यामागचे मर्म होते. परदेशात ठिकठिकाणी मराठी मंडळे आणि हिंदू कुटुंबे आहेत. सणाला पुरणपोळी करून फोटो पाठवण्यापलीकडे त्यांनी वनप्रदेशातल्या एका विद्यार्थ्याला सहा महिने घरी ठेवून घेण्याचे मनावर घेतले, तर अनुदानाचा निम्मा प्रश्न मिटतो. आईबापांची काळजीही मिटते, आणि मुलींच्या बाबतीत बहुधा तीच मोठी अडचण असते.

आणि तिकडचा विद्यार्थी इकडे यायला हवा. त्यासाठी वडशासारख्या गावात चार चांगली घरे, एक इंग्रजी जाणणारा मार्गदर्शक आणि नीट आखलेला पाठ्यक्रम लागेल. सत्र हिवाळ्याचे ठेवावे, धान घरात आलेले असते आणि मंडई भरलेली असते. त्या पाहुण्या विद्यार्थ्याला एका रात्री झाडीपट्टीच्या नाटकाला न्यावे, दुसऱ्या दिवशी ज्या गावाने वाघाला माणूस दिला त्या गावी न्यावे, आणि त्याची टिपणे वडशाच्या विद्यार्थ्याच्या टिपणांशेजारी ठेवून दोघांकडून एकच निबंध लिहून घ्यावा. गोंडवाना विद्यापीठाने असा एखादा करार पुढल्या शैक्षणिक वर्षासाठी करायचा ठरवला, तर पत्रव्यवहाराला या पावसाळ्यातच लागावे लागेल.