मेदोवृद्धी, रक्तस्राव आणि अशोकारिष्टाची बाटली

स्थौल्य आणि कर्करोग यांचा संबंध आता केवळ अनुमानाचा विषय राहिलेला नाही. लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला आणि शरीरात अतिरिक्त मेद नसेल तर १३ प्रकारच्या कर्करोगांचा धोका कमी होतो, असा निष्कर्ष काढला. मोठे आतडे, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, रजोनिवृत्तीनंतरचा स्तनकर्करोग ही त्यातील काही नावे. यांत स्थौल्याशी सर्वांत दृढ संबंध दिसतो तो गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा, आणि आमचे आजचे निवेदन मुख्यतः त्याविषयी आहे.

एकेका खाद्यपदार्थाविषयी मात्र इतक्या निश्चयाने बोलता येत नाही. डॉल आणि पेटो या संशोधकांनी १९८१ साली अमेरिकेतील कर्करोगमृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के मृत्यूंचा संबंध आहाराशी जोडला. परंतु हा आकडा १० ते ७० टक्क्यांमध्ये कोठेही असू शकेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. म्हणून ‘अमुक खा, कर्करोग टळेल’ असे सांगणाऱ्यांविषयी आम्हांस शंका वाटते, मग ते कोणत्याही पॅथीचे असोत.

आपल्यापैकी काहीजण ‘हे सारे सुश्रुतांनी आधीच सांगितले आहे’ असे म्हणून मोकळे होतात. मेदोज अर्बुद संहितेत आहे, हे खरे. परंतु ते वर्णन मेदाच्या साध्या गाठीशी अधिक जुळते. त्यावरून गर्भाशयाच्या कर्करोगाचे निदान करणे हा शास्त्राचा गौरव नव्हे. खरे महत्त्व चरकांच्या अष्टौनिंदितीय अध्यायाला आहे. मेदाने मार्ग आवृत झाल्यामुळे वायू कोष्ठात संचार करतो, अग्नी प्रदीप्त करतो, भूक वाढते आणि मेद पुन्हा वाढतो, हे चक्र तेथे स्पष्ट मांडले आहे. अव्यायाम, दिवास्वाप आणि बीजस्वभाव ही कारणेही तेथेच सांगितली आहेत.

ही कारणे पाहण्यासाठी आमच्या सणसवाडीहून दूर जावे लागत नाही. शिरूर तालुक्यातील हे बाजरी-ज्वारीचे गाव नगर रस्त्यावरील कारखान्यांमुळे पार बदलले. जमीन कारखान्याला गेली, उरलेल्या जागेत भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि खुरपणीला जाणाऱ्या बाईचे दिवसभराचे श्रम संपले. आहार मात्र श्रमांच्या प्रमाणात घटला नाही; उलट त्यात मैदा, फरसाण आणि गोड चहा यांची भर पडली. १९८७ साली सुरू झालेल्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत स्त्रियांमध्ये दीर्घकाळ गर्भाशयमुखाचा कर्करोग आघाडीवर राहिला (तो विषाणुजन्य आहे, त्याचा मेदाशी संबंध नाही), तर मुंबई-पुण्याच्या नोंदींत स्तनाचा कर्करोग पुढे गेला. सणसवाडीसारखी गावे नकाशावर ग्रामीण, पण राहणीने शहरी झाली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील अतिवजनी स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले.

आता मूळ मुद्दा. रजोनिवृत्तीनंतर बीजकोशांतून इस्ट्रोजेन येणे जवळजवळ थांबते. परंतु मेदपेशी इतर संप्रेरकांपासून ते तयार करीतच राहतात. प्रोजेस्टेरॉनचा अंकुश नसल्याने गर्भाशयाचा अंतःस्तर वाढत राहतो आणि काही स्त्रियांत त्याचे पर्यवसान कर्करोगात होते. या व्याधीचे एक मोठे सुदैव असे की तो लवकर बोलतो. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर अंगावरून पुन्हा रक्त जाणे, हेच बहुधा त्याचे पहिले लक्षण असते, आणि त्या अवस्थेत शस्त्रक्रियेने रुग्ण बरी होण्याची शक्यता मोठी असते.

तेव्हा होते काय? संकोचामुळे ती स्त्री वैद्याकडे येत नाही, घरातील कोणालातरी औषधांच्या दुकानात पाठवते. ‘अंगावर जातंय’ एवढे ऐकताच अशोकारिष्टाची बाटली काउंटरवर येते. स्राव काही दिवस थांबतो, कारण असा स्राव पुष्कळदा आपोआपही थांबतो, आणि श्रेय बाटलीला मिळते. पुढे तीच बाटली पुन्हा पुन्हा नेली जाते. अशोकारिष्टावर आमचा रोष नाही. रक्तप्रदरात त्याचे स्थान आहे. परंतु रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव हा निदान होईपर्यंत प्रदर समजूच नये. या स्राव झालेल्यांपैकी बहुतेकींना कर्करोग नसतो, हेही खरे. पण कोणाला आहे आणि कोणाला नाही हे नाडीवरून ठरत नाही. सोनोग्राफी आणि आवश्यक तेथे अंतःस्तराची बायोप्सी, मगच चिकित्सा. याच नगर रस्त्यावर वाघोली येथे भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टने आयुर्वेद आणि आधुनिक चिकित्सा यांची सांगड घालून कर्करोगाचे काम उभे केले आहे. रुग्ण पुढे पाठविल्याने आपले शास्त्र उणे होत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती एवढीच की बाटली देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: बाईंचे वय किती, आणि पाळी थांबून किती काळ झाला? चरबी उतरविण्याच्या औषधांचे फलक दुकानात लावणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ड्रग्ज अँड मॅजिक रेमिडीज कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत कर्करोग आणि स्थौल्य दोन्ही आहेत. आपणहून प्रयत्न न करता वजन उतरू लागलेला गिऱ्हाईक मेदोहर गुग्गुळाचे यश सांगत आला, तर त्याचे अभिनंदन न करता त्याला तपासणीस धाडावे.

वैद्यांच्या चिकित्सालयात वजनकाटा बहुधा असतो, मोजपट्टी क्वचित दिसते. भारतीयांसाठी कमरेचा घेर स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या वर गेल्यास तो धोक्याचा मानतात. केसपेपरवर नाडी-जिव्हेशेजारी हा आकडा लिहिण्यास अर्धा मिनिट पुरतो. तिसऱ्या पाळीच्या कामगारालाही पोटभर जेवून दिवसभर झोपण्याऐवजी वाग्भटांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी न जेवता, जागरणाच्या निम्मा वेळ झोपावयास सांगावे आणि जेवण उठल्यावर घ्यावयास लावावे. यव, कुळीथ, मूग, ताक ही पथ्ये आठवडी बाजारातून आणता येतात.