उद्या या

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या ऑफिसात खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. आधी ज्युनिअर क्लार्क, मग हेडक्लार्क, शेवटची सहा वर्षं ओएस, म्हणजे कार्यालय अधीक्षक. जून उजाडला की खिडकीच्या चौकोनात दरवर्षी तेच चित्र. पुढे वाकलेले वडील, त्यांच्या हातात फाइल आणि खांद्यामागून डोकावणारा अर्धा चेहरा. तो अर्धा चेहरा म्हणजे ज्याची ॲडमिशन, तो.

"बोनाफाइड पाहिजे."

"कशासाठी?"

वडील मागे वळून मुलाकडे बघायचे, मुलगा वडिलांकडे, आणि मग दोघंही माझ्याकडे. "ते... बोनाफाइडसाठीच."

बारावीचा निकाल लागला की घराघरांत सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कॉम्प्युटर की मेकॅनिकल, पुणे की संभाजीनगर, लॅपटॉप आत्ता घ्यायचा की दिवाळीत. त्यातलं मला काही कळत नाही आणि कोणी विचारतही नाही. माझा विषय खिडकी. मार्कशीटा मी हजारोंनी तपासल्या. पहिल्या वर्षी कोण गटांगळ्या खाणार हे त्यांवरून कधी सांगता आलं नाही. खिडकीपाशी दोन मिनिटं उभं राहिलेलं मूल बघून मात्र बरंचसं सांगता यायचं.

बारावीपर्यंत आपल्याकडे मुलांना काही विचारावंच लागत नाही. शाळा सूचना देते, परत देते, मग घरी फोन करते. परीक्षेचा फॉर्म शाळेतच भरून होतो, मूल फक्त सही करतं. आणि मग एके दिवशी ते अशा जागी येऊन पडतं, जिथे कोणी काहीच दोनदा सांगत नाही. माझ्या काळी नोटीस बोर्डावर टाचणीने कागद लावायचा, की आमचं काम संपलं. आता रात्री पावणेअकराला ग्रुपवर पीडीएफ येते. ती उघडायची कोणी, आणि उघडल्यावर कळली नाही तर विचारायचं कोणाला? ‘पोरगं हुशार आहे, करेल सगळं’ असं म्हणणाऱ्या आईबापांनी त्या पोराला आयुष्यात एकदा तरी पोस्टात एकट्याने पाठवलेलं असतं का?

परवा मे महिन्यात अकलूजहून बहीण, दाजी आणि भाची आले. भाचीची सीईटी झाली होती, इंजिनिअरिंगला जायचं पक्कं होतं. दाजींनी फाइल माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्ही त्यातलेच. काय ते बघून घ्या."

मी फाइल भाचीच्या मांडीवर सरकवली आणि सतरंजी अंथरली. एकेक कागद काढून मांडायला सांगितला. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, आधार, बँकेचं पासबुक. मांडून झाल्यावर म्हटलं, "आता वाच."

"वाचायचं काय त्यात?"

"सगळं. तारीख वाच, नाव वाच, खाली बारीक अक्षरात काय आहे ते वाच."

वाचल्यावर तीन गोष्टी निघाल्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या. ‘त्रय’ आणि ‘त्रेय’ एवढाच फरक, पण कॉम्प्युटरला ती दोन माणसं वाटतात. बँकेचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यातच येते. आणि नॉन-क्रिमीलेअरवर खाली लिहिलं होतं, 31 मार्चपर्यंत वैध. तो 31 मार्च उलटून दीड महिना झाला होता. हा कागद घेऊन ही पोरगी जुलैत रांगेत उभी राहिली असती, तीही हसतमुखाने.

शाळा सोडल्याचा दाखला तिने तसाच प्लास्टिकमध्ये ठेवला होता, झेरॉक्स एकही नाही. मूळ दाखला कॉलेजात जमा झाला की गेला. दुय्यम प्रत काढायची तर प्रतिज्ञापत्र करा, शाळेत खेटे घाला. तेव्हा आधी दहा झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन, मग ॲडमिशन. हे लिहून ठेवायलाही हरकत नाही.

बहीण अकलूजला परतली, तेव्हा मीही सोबत गेलो आणि भाचीला घेऊन सेतू केंद्रावर पोचलो. "मामा, तुम्ही बोला ना," ती म्हणाली. मी समोरच्या टपरीवर चहा सांगितला. चार मिनिटांत ती परत आली.

"उद्या या म्हणाले."

"उद्या किती वाजता?"

"ते विचारलं नाही."

"येताना काय आणायचं?"

गप्प.

"आणि तो माणूस उद्या नसला तर कोणाला भेटायचं?"

ती पाय आपटत परत गेली. या खेपेला कळलं की तीन वर्षांच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला जोडायला हवा, तो आमच्याजवळ नव्हताच, आणि प्रांतांची सही व्हायची तर त्याच्याशिवाय कागद पुढे सरकणार नव्हता. म्हणजे सांगितल्याप्रमाणे ती दुसऱ्या दिवशी गेली असती, तर आणखी एक ‘उद्या या’ घेऊन आली असती.

या दोन शब्दांविषयी मला थोडं अधिकाराने बोलता येईल, कारण ते मी दिवसाला पन्नासदा उच्चारलेत. ‘उद्या या’चा अर्थ कधी सर्व्हर बंद आहे असा असतो. कधी सही करणारे साहेब मीटिंगला गेलेले असतात. कधी बोलणाऱ्याला भूक लागलेली असते. आणि पुष्कळदा, हे कोणी कबूल करत नाही पण मी आता रिटायर आहे, बोलणाऱ्यालाच उत्तर माहीत नसतं आणि तसं म्हणायची लाज वाटते. समोरच्याने ‘किती वाजता, कोणाकडे, सोबत काय’ एवढं विचारलं की आतला माणूस नाइलाजाने विचार करू लागतो. कागद हातात घेतो. निम्म्या वेळा काम तिथेच होऊन जातं.

एका मुलाने ते विचारलं नाही. खूप जुनी गोष्ट आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन तो दुपारी दीडला आला. माझा डबा उघडलेला. मी मान वर न करता म्हणालो, "उद्या या." तो ‘हो सर’ म्हणाला आणि गेला. फॉर्मची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी संपत होती. मला ते ठाऊक होतं. भाकरी मोडताना आठवलं नाही, इतकंच. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा गठ्ठा समाजकल्याणकडे निघून गेला होता. त्याने तेव्हाही ‘हो सर’च म्हटलं. वडिलांनी फीसाठी बाहेरून व्याजाने पैसे काढले, हे मला पुढच्या वर्षी त्याच्या मित्राकडून कळलं. चूक माझी होती, त्यात शंका नाही. पण आज भाचीला ते तीन प्रश्न पाठ करून घेताना माझ्या डोळ्यांसमोर तोच असतो.

खिडकीवरून माघारी फिरण्याची आपली परंपरा तशी मोठी आहे. धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असताना मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी पायी गेले, कुंभार्ली घाट चढून. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण हवी होती आणि त्यांची चण लहान. तिथल्या अधिकाऱ्याला हा मुलगा सतराचा वाटेना. दिलं परत पाठवून. पुढे 1958 साली शंभरीत पोचलेल्या याच माणसाला भारतरत्न मिळालं, ही गोष्ट आपण भाषणांत सांगतो. मला मात्र भिडतो तो साताऱ्याचा परतीचा रस्ता. माझ्यासारखाच कोणीतरी टेबलामागे बसला असणार.

वर्गातही खिडकीचाच खेळ असतो, फक्त काच नसते. मराठी शाळेतून आलेली मुलं पहिलं सेमिस्टर मागच्या बाकावर गप्प बसून काढतात. इंग्रजीत विचारता येत नाही म्हणून विचारत नाहीत. अरे, मराठीत विचारा! वर्गात नको वाटलं तर तास संपल्यावर कॉरिडॉरमध्ये गाठा. आमच्याकडचे एक फिजिक्सचे सर नेहमी तक्रार करायचे, की प्रश्न घेऊन पोरं येतात ती एटीकेटी लागल्यावरच, आणि तेव्हाचा प्रश्न फिजिक्सचा नसतो, फॉर्म कुठे मिळतो एवढाच असतो. गंमत म्हणजे एटीकेटीच्या रांगेतली मुलं खिडकीशी कशी ऐटीत बोलायची! ठेच लागून शिकलेली असायची बिचारी.

नव्या शैक्षणिक धोरणात विचारण्याची गरज वाढलीच आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, वर्षाला 40 ते 44 क्रेडिट, एक वर्ष पूर्ण करून सोडलं तर सर्टिफिकेट, तीन वर्षांत पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. हे मलाच दोनदा वाचावं लागलं. मुलं काय करतात? शेजारच्याने जो विषय घेतला तोच टिक करतात. मग डिसेंबरात खिडकीवर: "सर, विषय बदलता येईल का?" मुदत ऑगस्टात गेलेली असते.

पैशांचंही तेच. कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आमचे दाजी तरीही सोसायटीतून कर्ज काढायच्या तयारीत होते. ‘आत्ता नेमके किती भरायचे आणि कशाचे?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे गरिबी दाखवणं, असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्याला कॉलेज काढलं, तिथली मुलं काम करून शिकली, आणि आज कितीतरी कॉलेजांत ‘कमवा व शिका’चा फॉर्म मिळतो. तो मागायला जी मुलं लाजतात, तीच मुलं वर्षभर मित्रांकडून उसने घेतात. दाजींना पटलं की नाही कोण जाणे; निदान कर्ज थांबलं.

बाकी राहण्याजेवण्याचं भाची आपली आपण शिकेल. मेसवाल्या काकूंना पहिल्याच दिवशी खाड्याचा नियम विचार, एवढं सांगितलं: किती दिवस आधी सांगितलं तर पैसे कापून मिळतात, आणि सलग किती दिवसांचा खाडा धरतात. गणपतीला आठ दिवस घरी जाऊन आल्यावर त्यावरून होणारी भांडणं मी पुष्कळ ऐकली आहेत. आणि एक गंभीर गोष्ट, तीही थोडक्यात. सीनिअरनी त्रास दिला तर ‘कोणाला सांगू’ असा विचार करत बसायचं नाही. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 1800-180-5522 हा नंबर तिच्या फोनमध्ये मी स्वतः टाकला.

जुलैत ॲडमिशनला मी सोबत गेलो. पुण्यातलं कॉलेज, लांबलचक रांग, बाहेर भुरभुर पाऊस. आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो आणि खरं सांगतो, माझ्याच पोटात गोळा आला. आत एक तरुण मुलगी स्क्रीनकडे बघत बसली होती. भाचीने हॉस्टेलचं विचारलं.

"यादी लागली नाही. उद्या या."

"उद्या किती वाजता लागेल, मॅडम?"

"दुपारनंतर."

"इथेच लागेल की हॉस्टेलला? आणि नाव नसलं तर कोणाला भेटायचं?"

त्या मुलीने पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर काढली. कुठलासा कागद उलटसुलट केला. मला राहवेना. मी भाचीच्या खांद्यावरून डोकं पुढे घातलं. "मॅडम, काय आहे, मी पण याच लाइनीतला, एकतीस वर्षं..."

"काका, तुम्ही जरा मागे थांबता का? मी त्यांच्याशी बोलतेय ना."

मी मागे झालो. रांगेत एक गृहस्थ फाइल छातीशी धरून उभे होते. त्यांनी थोडं सरकून मला जागा करून दिली.