सात अंश, पण कशापेक्षा?

घोटीपासून समुद्र दूर असला तरी वीज आपल्यालाही लागते. म्हणून साखरी नाटेचा प्रश्न आपलाही आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात मुस्लिम मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. जवळच होऊ घातलेल्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला त्यांचा विरोध आहे. १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. हा प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही.

अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली बहुतेक उष्णता थंड करण्याच्या पाण्याबरोबर समुद्रात जाते. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. ते कुठवर पसरेल, याचा अंदाज भरती-ओहोटी, वारा आणि खोली धरून केलेले संगणकीय मॉडेल देते. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या औष्णिक केंद्रांसाठी सरकारी मर्यादा ७ अंश वाढीची आहे. पण ही वाढ मोजायची कशापेक्षा? आजचे तापमान प्रत्येक ऋतूत, भरतीला आणि ओहोटीला नोंदवले नसेल, तर उद्या मॉडेल चुकले हे सिद्ध कोण करणार?

म्हणून मागणी साधी हवी: मोजणी आताच व्हावी, आकडे सर्वांना खुले असावेत आणि मोजणीत मच्छीमारही असावेत. इंजिनिअरिंग शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी या कामात त्यांच्यासोबत बसावे. समुद्र ही अमानत आहे, तिचा हिशेब आपणही ठेवायला हवा.